मुदत लिहिलेली नाही

शाळेच्या फाटकावरची नवी पाटी पाहून ओळंबा भर रस्त्यात असा थबकला, की मागून येणारा सायकलवाला त्याच्यावर आदळता आदळता राहिला. सायकलवाल्याने जे ऐकवायचं ते ऐकवलं, पण ओळंब्याच्या कानात त्यातलं काही शिरलं नाही. त्याचे डोळे एका अक्षरावर खिळले होते. 'शाळा' या शब्दातला श त्याचा होता. दोन्ही काने त्याचे होते. वरची शिरोरेघ, टोकाकडे किंचित जाड होत जाणारी, तीही त्याचीच. मधला ळ मात्र त्याचा नव्हता. तो कुणाचा, हे ओळखायला त्याला क्षणसुद्धा लागला नाही. आपल्या घरात शिरावं आणि आपल्या ताटावर भलताच कुणी जेवायला बसलेला दिसावा, तसं त्याला झालं. त्यातही हा भलताच माणूस असा, की ज्याचं तोंड बघायचं नाही म्हणून ओळंबा इतकी वर्षं वळसा घालून बाजारात जात होता.

आता हा ओळंबा कोण, ते सांगायला हवं. धंद्याने पाटी-पेंटर. दुकानांच्या, दवाखान्यांच्या, शाळांच्या पाट्या हाताने रंगवणारा. भिंत सरळ उभी आहे की नाही हे बघायला गवंडी दोरीला वजन बांधून खाली सोडतो, त्याला ओळंबा म्हणतात. बाजाराने हे नाव या माणसाला कधी चिकटवलं कोण जाणे, पण ते असं बसलं की टपालवाल्यालाही त्याचं खरं नाव आठवायला कपाळ चोळावं लागे. उभा राहायचा सरळ, बोलायचा सरळ, आणि एकदा एका जागी लोंबला की कुणी कितीही हलवा, फिरून तिथेच येऊन थांबायचा. एका शिंप्याने त्याला सुचवलं, "जरा तिरकी अक्षरं काढा ना, हल्ली फॅशन आहे." हा म्हणाला, "तिरकी हवीत? मग मी सरळ काढतो, तुम्ही पाटी तिरकी टांगा." शिंप्याने मुकाट्याने सरळ पाटी नेली.

सगळी अक्षरं या माणसाच्या मुठीत होती, एक सोडून. आणि थट्टा अशी, की जे अक्षर त्याला जन्मात जमलं नाही तेच लोकांनी त्याच्या नावात नेऊन बसवलं होतं. ळ काढायला असं काय लागतं? दोन पोटं, मध्ये एक गाठ, वर रेघ. पण ओळंब्याने काढला की तो कुणाच्या तरी पायाखाली आलेल्या चष्म्यासारखा दिसे. त्याचा धाकटा भाऊ मात्र ळ असा काढी, की बघणाऱ्याने बघत राहावं. उजवं पोट डाव्यापेक्षा नखभर लहान, मधली गाठ जराशी वर उचललेली, आणि शेवटचं वळण असं मऊ, की ब्रश उचलला कधी ते कळू नये. बाकीच्या अक्षरांत धाकटा बेतास बात. पण ळ म्हणाल तर तोच.

दोघं एकाच दुकानात काम करत, आणि दुकानाची एक पद्धत पडून गेली होती. थोरला पाटी लिहीत जाई. ळ आला की खडूने तिथे दोन वेडीवाकडी वेटोळी ओढी आणि पुढच्या अक्षराकडे सरके. ती खूण. म्हणजे इथे जागा सोडली आहे. मग धाकटा शिडीवर चढे, फडक्याने खडू पुसे आणि आपला ळ भरे. कधी बोलावं लागलं नाही की विचारावं लागलं नाही. दवाखान्याच्या पाटीवर नुसतं 'वेळ, सकाळी, संध्याकाळी' एवढं लिहायचं म्हटलं तरी तीनदा जागा सोडावी लागे. गिऱ्हाइकाला मात्र वाटे, सगळं एकाच हातचं काम आहे.

फाटलं ते फ्लेक्सच्या यंत्रावरून. धाकट्याला यंत्र घ्यायचं होतं. ओळंबा म्हणाला, "अक्षरं ओकणारं यंत्र माझ्या दुकानात येणार नाही." धाकटा म्हणाला, "दादा, उद्या सगळी गिऱ्हाइकं तिकडेच जाणार आहेत." शब्दाने शब्द वाढत गेला आणि रागाच्या भरात ओळंबा बोलून बसला, "तू एका अक्षरापुरता. उरलेली सगळी बाराखडी माझी आहे." हे धाकट्याच्या फार वर्मी लागलं. वाटणी झाली. ब्रश वाटले, डबे वाटले, गाळण्याची फडकी वाटली. शिडी दोन तुकड्यांची होती, एकावर एक सरकवून लांब करायची. तिचाही एकेक तुकडा दोघांनी उचलला. त्या दिवसापासून दुसऱ्या मजल्यावरची पाटी दोघांपैकी एकालाही लिहिता आली नाही, पण वाटणी कशी अगदी काट्याची झाली. भाऊबंदकीत माणसं अक्कल कुठे गहाण टाकतात, देव जाणे.

आणि ळ? ळ धाकट्याबरोबर गेला. त्यावर ओळंब्याने जे केलं ते ऐकून कुणीही तोंडात बोट घालेल. त्याने आपल्या पाट्यांतून ळ हद्दपार केला. 'वेळ' च्या जागी 'टाइम' आला. 'सकाळी' चा नुसता 'स.' झाला. फळवाल्याला तो पटवून देई, "फळे म्हणजे फार जुनाट वाटतं हो. 'फ्रूट' लिहू, उठून दिसेल." नळ दुरुस्त करणारा रातोरात पाइप दुरुस्त करणारा झाला. लोकांना वाटलं, पेंटर नव्या चालीचा आहे. फक्त एका प्रसूतिगृहाच्या डॉक्टरीणबाई हटून बसल्या, पाटीवर 'बाळ' हा शब्द पाहिजे म्हणजे पाहिजे. ओळंब्याने ते कामच सोडलं. बायको म्हणाली, "भाऊ सोडलात, आता बाळंही सोडलीत का?" मधे कधीतरी धाकटा आजारी असल्याचं तिच्या कानावर आलं. तेव्हाही तिने सांगून पाहिलं, एकदा जाऊन या. हा जागचा हलला नाही.

धाकट्याचं म्हणणं खरं ठरलं. गिऱ्हाइकं फ्लेक्सकडे गेली. ओळंब्याच्या खोलीत डब्यांतला रंग साय धरून बसला आणि ब्रशांचे केस कडक झाले. त्याच्या लेकीला मात्र वेगळीच धास्ती होती. ती पुस्तकांची पानं जुळवणाऱ्या एका कचेरीत कामाला होती. बापाच्या हातचं अक्षर बापाबरोबर जाईल, या विचाराने ती अस्वस्थ होई. तिने त्याच्या मागे लागून एकेक अक्षर कागदावर काढून घेतलं, संगणकात चढवलं, कडा साफ केल्या आणि त्याचा फॉन्ट केला. म्हणजे आता कुणीही कळफलकावर बोट ठेवलं की ओळंब्याचं अक्षर उमटणार. ळ सुद्धा त्याने स्वतःच काढला. कितीतरी कागद फाडले, आणि शेवटी जे हाती लागलं ते दिलं. लेक चाचरत म्हणाली, "बाबा, ळ जरा..." ओळंबा म्हणाला, "चालतो." फॉन्टला नाव काय द्यायचं म्हणून तिने विचारलं. त्याने पापणीही न लववता सांगितलं, "एकहाती." लेकीने त्याच्याकडे एकवार पाहिलं आणि तेच नाव लिहिलं.

मग परवान्याची गोष्ट निघाली. लेक म्हणाली, हा आपण खुल्या परवान्यावर देऊ. तिने त्याला अटी समजावल्या.

"कुणीही वापरू शकेल, बाबा. पाटीवर, पुस्तकात, जाहिरातीत, कशातही. दुसऱ्याला देऊ शकेल. हवा तर बदलूही शकेल. फक्त नुसता फॉन्ट सुटा विकायचा नाही. बदलला तर 'एकहाती' हे नाव लावायचं नाही, आपलं वेगळं घ्यायचं. तुमचं नाव पुसायचं नाही. आणि बदललेला फॉन्टसुद्धा याच अटींवर खुला ठेवायचा."

ओळंब्याने सगळं ऐकून घेतलं आणि धंदेवाईक माणसाने विचारावा तो एकच प्रश्न विचारला. "मुदत किती?"

लेकीने परवाना वरून खाली पाहिला. "मुदत लिहिलेली नाही."

"मग काही हरकत नाही," ओळंबा म्हणाला.

घोटाळा झाला तो इथेच, आणि दोघांनाही त्याचा पत्ता नव्हता. ओळंब्याने जन्मभर भिंतींवर जाहिराती रंगवल्या होत्या. कुणाच्या घराची बाहेरची भिंत घ्यायची, साबणाचं किंवा सिमेंटचं नाव रंगवायचं. तिथे बोलणी करताना भिंतवाल्याकडून मुदत लिहून घ्यायचीच, हा त्या धंद्याचा पहिला धडा. कारण मुदत लिहिलेली नसेल तर भिंतवाला आज संध्याकाळीही चुन्याची बादली घेऊन येऊ शकतो, आणि त्याला कुणी काही बोलू शकत नाही. ओळंब्याने अशा बादल्यांखाली आपली चांगली चांगली अक्षरं गेलेली पाहिली होती. तेव्हा मुदत नाही म्हटल्यावर त्याने मनाशी धरलं, की या खेपेला भिंत आपली आहे आणि बादलीही आपल्याच हातात आहे. वाटलं तेव्हा चुना फासू.

पुढचे काही महिने त्याचे फार सुखात गेले. केशकर्तनालयाच्या काचेवर त्याची अक्षरं आली. बसथांब्यावर आली. एका औषधाच्या बाटलीवरसुद्धा आली, तर त्याने ती बाटली गरज नसताना विकत आणली आणि खिडकीत ठेवली. ळ असलेले शब्द दिसले की तो नजर वळवी. स्वतःचाच ळ तो, पण त्याला बघवत नसे. आणि मग ती शाळेची पाटी समोर आली. तिथून पुढे तो वेड्यासारखा गल्लीगल्लीतून पाट्या वाचत हिंडला. चक्कीवर 'दळण' होतं, तिथे धाकट्याचा ळ. सुतारकामाच्या गाळ्यावर 'फळ्या' होत्या, तिथे धाकट्याचा ळ. ज्या प्रसूतिगृहाचं काम त्याने टाकलं होतं, तिथे नव्या पाटीवर 'बाळ' झळकत होतं. ब त्याचा, काना त्याचा, आणि शेवटी ऐटीत बसलेला तो ळ. ज्याला त्याने एका अक्षरापुरता म्हणून हिणवलं, तो तेच एक अक्षर घेऊन त्याच्या बाराखडीत शिरला होता, आणि गावभर कुणाला पत्ताही नव्हता.

लेकीच्या कचेरीचा जिना तो धापा टाकत चढला. ती टेबलावर पानं तपासत होती.

"बंद कर," ओळंबा म्हणाला.

"काय बंद करू? बाबा, आधी बसा. पाणी प्या."

"फॉन्ट बंद कर. परवाना परत घे. तुझ्या काकाने माझ्या अक्षरांत आपला ळ घातलाय."

लेक दचकली नाही. तिचं ते न दचकणं पाहून ओळंबा आणखीच हादरला. "तुला माहीत होतं?"

"मी पाहिलं होतं," ती म्हणाली. "काकांनी विचारलं नाही, कारण विचारावं लागतच नाही. परवाना असाच आहे. बदलायची परवानगी तुम्ही सगळ्यांना आधीच दिलीय."

"सगळ्यांना दिली. त्याला नाही दिली."

"सगळ्यांत काका आले, बाबा. एखाद्याला वगळता येत नाही. अमुक माणूस नको म्हणता येत नाही, अमुक कामाला नको असंही नाही."

"मग सगळ्यांचीच काढून घे. मुदत लिहिलेली नाही म्हणालीस ना? मग लाव आज चुना."

आता दचकायची पाळी लेकीची होती. तिने हातातली पेन्सिल खाली ठेवली. बाप इतके महिने काय समजून बसला आहे, ते तिच्या ध्यानात आलं आणि तिचा चेहरा उतरला.

"बाबा, ही भिंत नाही," ती हळू आवाजात म्हणाली. "मुदत लिहिलेली नाही याचा अर्थ वाटेल तेव्हा संपवता येतो असा नाही. याचा अर्थ त्याला शेवटच ठेवलेला नाही. तुम्ही आजपासून फॉन्ट देणं थांबवू शकता. उद्या नवी अक्षरं काढलीत तर ती वेगळ्या अटींवर देऊ शकता. पण जी प्रत लोकांकडे गेली ती त्याच अटींवर त्यांच्याकडे राहणार. ते ती पुढे देणार. आपण नको म्हटलं म्हणून ती परत येत नाही."

"मी सांगितलं तरी?"

"तुम्ही सांगितलंत तरी."

"आणि मी मेल्यावर?"

"तेव्हाही. मलासुद्धा परत घेता येणार नाही."

ओळंबा खुर्चीत बसला. बसला म्हणण्यापेक्षा खुर्चीने त्याला धरलं. आयुष्यभर ज्याने भिंतवाल्यांकडून मुदत लिहून घेतली, रंग किती पावसाळे टिकेल तेसुद्धा जो आधी सांगून मोकळा होई, त्याच माणसाने आपली सगळी अक्षरं एका होकारात कायमची देऊन टाकली होती.

"म्हणजे कधीच संपत नाही?" त्याने विचारलं.

"अटी मोडल्या तर संपतो. पण ज्याने मोडल्या त्याच्यापुरता."

एवढं ऐकलं आणि ओळंबा ताठ झाला. ओळंबाच तो, फिरून आपल्या जागी आला. धाकट्याला तो ओळखून होता. घाईचा माणूस, नियम वाचणारा नव्हे. एखादी तरी अट मोडली असणारच. फॉन्ट विकत असेल. नाव चोरलं असेल. थोरल्याचं नाव पुसलं असेल, आणि तो ते पुसणारच, कारण थोरल्यानेही एकहाती म्हणून त्याचं नाव पुसलं होतं. लेक मागून हाक मारत होती, "बाबा, जाण्याआधी काकांबद्दल एक सांगायचंय, ऐका तरी." पण हा जिना उतरूनसुद्धा गेला होता.

धाकट्याचं दुकान बाजाराच्या दुसऱ्या टोकाला. ओळंब्याने ते इतक्या वर्षांत बाहेरूनही पाहिलं नव्हतं. आत प्लॅस्टिकचा उग्र वास कोंदला होता. यंत्र कुरकुरत एक लांब कापड पुढे सरकवत होतं. गल्ल्यावर धाकट्याची बायको होती. तिने ओळंब्याला पाहिलं आणि तिच्या हातातली कात्रीच खाली पडली.

"दादा, तुम्ही?"

"कुठे आहे तो?"

तिने आत बोट केलं. खिडकीपाशी एका टेबलाला लागून धाकटा बसला होता. केस पांढरे झालेले. ओळंबा त्याच्यापुढे जाऊन उभा राहिला आणि वाटेत घोकलेलं बोलायला लागला. त्याला भीती होती की मध्ये थांबलो तर पुढे बोलता येणार नाही.

"माझा फॉन्ट विकतोस?"

धाकटा वर बघत राहिला. मग म्हणाला, "नाही. बोर्ड विकतो. अक्षरं कुणी मागितली तर तशीच देतो."

"माझं नाव लावलंस त्याला? एकहाती?"

"नाही. बदलल्यावर ते लावायचं नसतं ना, दादा. वेगळं दिलं."

"काय दिलं?"

"दुसरा हात."

ओळंब्याला क्षणभर कळेना. मग कळलं. पाटीला रंग लावतात तो दोनदा. पहिला हात, तो वाळला की दुसरा हात. दुसऱ्या हाताशिवाय पाटी पुरी होत नाही, हे याला त्यानेच शिकवलं होतं.

"आणि माझं नाव? पुसलंस?"

"दादा, पहिल्याच ओळीत आहे. तुझं वर, माझं खाली. आणि फॉन्ट खुला ठेवलाय, तुझ्याच अटींवर. सगळं वाचून केलंय."

एकेक अट ओळंब्याच्या हातातून निसटत होती. शेवटचं जे उरलं होतं, जे कुठल्याही परवान्यात बसत नव्हतं, तेच मग तोंडून बाहेर पडलं. त्याचा आवाज दुकानभर घुमला.

"मग माझा ळ का काढून टाकलास?"

धाकट्याच्या चेहऱ्यावर खरोखरीचं आश्चर्य उमटलं. "तुझा ळ? तो ळ होता?"

"मग काय होतं?"

"मला वाटलं..." धाकटा अडखळला. "ती दोन वेटोळी बघितली आणि मला वाटलं, दादाने जागा सोडलीय."

गल्ल्यावरची बाई तोंडावर हात ठेवून उभी होती. इतके कागद फाडून, जिवाचा आटापिटा करून त्याने जो ळ काढला होता, तो धाकट्याला खडूची खूण वाटला. त्याला चीड यायला हवी होती. ती शोधूनही सापडेना. खरंच तसाच दिसत होता तो. त्याने काढलेला प्रत्येक ळ जन्मभर तसाच दिसत आला होता.

"थांब, दाखवतो," धाकटा म्हणाला आणि टेबलाचा खण उघडायला वळला. तो ज्या तऱ्हेने वळला, त्याकडे ओळंब्याचं लक्ष गेलं. उजवा हात मांडीवर पडला होता आणि तिथून हलला नाही. डाव्या हाताने त्याने खण ओढला, डाव्या हातानेच कागदांचा गठ्ठा वर घेतला, आणि तो घेताना उजवा हात मांडीवरून घसरला तेव्हा डाव्याने तो उचलून परत जागेवर ठेवला. एखादं सामान ठेवावं तसा.

"हे काय?" ओळंब्याने विचारलं.

"आजारपणात गेला तो. तुम्हाला निरोप दिला होता," धाकट्याची बायको म्हणाली. तिच्या बोलण्यात राग नव्हता, म्हणून ते जास्त लागलं.

निरोप आला होता. बायकोने सांगितला होता. आजार म्हणजे असं काही असेल हे त्याच्या डोक्यातही आलं नव्हतं, कारण त्याने ते येऊच दिलं नव्हतं. ज्या हाताने तो ळ काढला जाई, तो हात समोर मांडीवर निपचित पडला होता. आणि बाहेर गावभर ळ होते, ताजे, जसेच्या तसे.

धाकट्याने कागद पसरले. एकेका कागदावर नुसते ळ. सगळ्यात जुन्या कागदावरचे बघून ओळंबा चरकला. तुडवलेले चष्मे. थेट त्याचेच ळ. जणू तोच बसून काढून गेला होता.

"डाव्या हाताने सुरुवात केली तेव्हा असे यायचे," धाकटा म्हणाला. "रोज काढायचो. तुझा फॉन्ट आला, म्हटलं, दादाने जागा सोडलीय, भरायला तर पाहिजे. पाटी अर्धी टांगून कशी चालेल? मग जमेपर्यंत काढत राहिलो."

ओळंबा एकेक कागद उलटत गेला. वेटोळी हळूहळू सुटत गेली होती. उजवं पोट डाव्यापेक्षा लहान होत गेलं होतं. गाठ वर आली होती. शेवटच्या कागदावर तो ळ होता. ओळंब्याने त्याच्यावर बोट फिरवलं. इतकी वर्षं तो समजत होता की धाकट्याला हे अक्षर आपोआप येतं. देणगी असते एकेकाला, असं म्हणून त्याने स्वतःची समजूत काढली होती. शिकून येतं ते, हे त्याच्या गावीही नव्हतं.

"आणि हा ळ," त्याने विचारलं, "उद्या तुला परत घ्यावासा वाटला तर?"

"नाही घेता येत," धाकटा म्हणाला. "तुझ्याच अटी लागू आहेत ना मला. जी अक्षरं एकदा यात मिसळली, ती मिसळली. तुलाही काढता येत नाहीत, मलाही नाहीत. मी जाणकाराला विचारून घेतलंय."

ओळंब्याने मान वर केली. कोपऱ्यात, कापडांच्या गुंडाळ्यांमागे, शिडीचा एक तुकडा उभा होता. रंगाचे जुने थेंब तसेच होते त्याच्यावर, दुसरा तुकडा सरकवण्याच्या खाचा रिकाम्या. ब्रश वाटले, डबे वाटले, शिडी वाटली. सगळ्याची वाटणी केली त्याने, अगदी काट्याची. आणि स्वतःच्या नकळत त्याने एक गोष्ट अशी करून ठेवली होती की जिची वाटणी करणं आता दोघांपैकी कुणाच्याही हातात नव्हतं. हे लक्षात आलं तेव्हा ओळंब्याच्या डोळ्यांतून घळकन पाणी आलं, आणि ते पुसायचंही त्याला सुचलं नाही.

यंत्र थांबलं. ओळंब्याने कोपऱ्यातलं स्टूल पायाने ओढलं आणि धाकट्याच्या डाव्या बाजूला, टेबलाला चिकटून बसला. पेन्सिल उचलली.

"कसा काढतात ते दाखव," तो म्हणाला. "पहिल्यापासून."

धाकट्याला हसू आलं. "दादा, वेळ लागेल. तुझा हात जड आहे. किती दिवस येशील?"

"मुदत लिहिलेली नाही," ओळंबा म्हणाला.

धाकट्याने डाव्या हाताने एक कोरा कागद त्याच्यापुढे सरकवला.